साका कापल्यावरच दिसतो

कुणकेश्वरात बारावीचा निकाल लागला की पालकांचा प्रश्न ठरलेला: "क्वालिटीत नोकरी म्हणजे नुसतं तपासत बसायचं ना?" बागायतदाराच्या घरात तरी हा प्रश्न पडू नये. हापूस वरून कितीही देखणा असला, तरी साका, म्हणजे आतला गर खराब होण्याचा दोष, कापल्यावरच दिसतो, आणि कापलेला आंबा विकता येत नाही. म्हणून काळजी आधीच घ्यावी लागते. आंबा चौदा आणे तयार झाल्यावर देठासकट काढायचा, चीक सालीवर ओघळू द्यायचा नाही, काढलेलं फळ तापलेल्या जमिनीवर ठेवायचं नाही. शेवटी दोष शोधण्यापेक्षा तो होऊच नये अशी कामाची पद्धत बसवायची आणि ती रोज पाळली जाते का, याची नोंद ठेवायची. गुणवत्ता व्यवस्थापन म्हणतात ते हेच.

नोंदीला किंमत किती? फळमाशी सापडल्यामुळे १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याला दार बंद केलं. ते २०१५ मध्ये उघडलं. आज तिकडे जाणारा आंबा ४८ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटं ठेवतात. हे तापमान आणि ही वेळ लिहून सही करणारा माणूस लागतो. माल उशिरा जातोय म्हणून मालक ओरडत असतानाही पन्नासाव्या मिनिटाला साठ न लिहिणारा. हुशारीपेक्षा हा स्वभाव दुर्मीळ, असं माझं मत.

या कामाकडे जाणाऱ्या वाटा बऱ्याच आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाअंतर्गत अन्नतंत्रज्ञान शिकता येतं. मासळीच्या धंद्यातल्या घरांनी रत्नागिरीजवळचं शिरगावचं मत्स्य महाविद्यालय जरूर पाहावं. सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बीएस्सी केलेल्यांना प्रयोगशाळा आहेत, आणि एमपीएससीतून अन्न सुरक्षा अधिकारीही होता येतं. मेकॅनिकल डिप्लोमावाल्यांना पुण्याकडचे वाहनांचे सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत.

एक मात्र टाळा. बारावीनंतर लगेच पाच दिवसांच्या आयएसओ ऑडिटर कोर्सला पैसे भरू नका. ज्याने कारखाना आतून पाहिलेला नाही, त्याच्याकडून ऑडिट कोण करून घेईल? आधी दोन-तीन वर्षं नोकरी, मग तो कोर्स. तेव्हा फी बहुधा कंपनीच भरते.

आणि हो, कारखान्यात रात्रपाळी असते. मुलगी असो वा मुलगा, ते घरात आत्ताच बोलून घ्या.