स्टार्टरला करंट येतो? "मला काही होत नाही" म्हणू नका

विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात, पण "आपल्याला सवय आहे," असे सांगणारे पुष्कळजण शिवारफेरीत भेटतात. त्याच पेटीला घरातल्या मुलाचा हात लागला की तो ओरडून मागे पडतो आणि भित्रा ठरतो! विजेची सवय कोणालाही होत नसते.

माणसागणिक फरक असतो हे खरे. अमेरिकेतील प्रा. चार्ल्स डालझिएल यांनी स्वयंसेवकांवर त्याची मोजणी केली होती. हातातला प्रवाह पुरुषांना सरासरी १.१, तर स्त्रियांना ०.७ मिलिअँपिअरला जाणवला. (मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग.) धरलेली तार स्वतःहून सोडता येण्याची मर्यादा पुरुषांत सरासरी १६, स्त्रियांत १०.५ भरली. दोनशेत एखाद्या पुरुषाची मूठ मात्र ९ लाच आवळून बसते, असा त्यांचा हिशेब होता.

शेतात याहून मोठा फरक पाडते ती कातडी. राठ, कोरडा हात आणि पायात कोरडी रबरी चप्पल असेल तर एकूण अडथळा लाखभर ओहम असू शकतो. मग २३० व्होल्टला प्रवाह जातो जेमतेम २.३ मिलिअँपिअर. तोच माणूस रात्री दारे धरून ओल्या हाताने, अनवाणी आला की अडथळा हजार ओहमच्या आसपास उतरतो आणि प्रवाह होतो २३० मिलिअँपिअर. छातीतून सेकंदभर १०० मिलिअँपिअर गेला तरी हृदय बंद पडू शकते. म्हणजे काल ज्याला "काही झाले नाही" तोच आज दगावू शकतो. मुलांच्या हाताला तर घट्टेही नसतात.

फ्यूज वाचवील, ही समजूतही चुकीची आहे. पाच अश्वशक्तीची मोटार सात-आठ अँपिअर घेते, फ्यूज त्याहून जाड असतो. माणसातून जाणाऱ्या पाव अँपिअरने तो वितळत नाही. त्याजागी जाड तार गुंडाळणाऱ्यांविषयी काय लिहावे!

झिणझिण्या आल्या त्याच दिवशी मेन स्विच बंद करून वायरमनकडून केबल, मोटारीचे इन्सुलेशन व अर्थिंग तपासून घ्यावे. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत जावे. स्टार्टरच्या अगोदर ३० मिलिअँपिअरचा चार पोलचा आरसीसीबी बसवावा व त्याचे टेस्ट बटन महिन्यातून एकदा दाबून पाहावे. तो सारखा पडतो म्हणून काहीजण काढून टाकतात. तो सारखा पडत असेल तर बहुधा केबल किंवा मोटारीतून वीज गळत असते. दुरुस्ती तिथे करावी. आणि करंट आहे का हे उलट्या बोटाने पाहू नये, टेस्टर वापरावा.