घटक ४ : संघकार्य – स्वभावभेद आणि संवादशैली

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• स्वभाव आणि संवादशैली यांतील फरक सांगता येईल.
• १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेच्या आधारे मतभेद आणि संघकार्य यांचे नाते स्पष्ट करता येईल.
• ‘आपण’ व ‘आम्ही’ या सर्वनामांचे संघातील कार्य ओळखता येईल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून शिकत आहेत. बचत गट, शाळा व्यवस्थापन समिती, ग्रामसभा, कार्यालय अशा ठिकाणी तुम्ही इतरांबरोबर काम करता. तेथे काम अडले की ‘त्यांचा स्वभावच तसा’ असे म्हणून आपण मोकळे होतो. स्वभाव सहजासहजी बदलत नाही. त्यामुळे विचार तेथेच थांबतो. भाषेचा अभ्यासक मात्र पुढचा प्रश्न विचारतो : ती व्यक्ती कशी बोलते, केव्हा बोलते आणि तिचे म्हणणे निर्णयापर्यंत पोहोचते का?

४.२ स्वभाव आणि संवादशैली

स्वभाव म्हणजे व्यक्तीच्या वागण्यातील तुलनेने स्थिर असा कल. संवादशैली म्हणजे बोलण्याच्या सवयी. या सवयी घर, बोली, वय, लिंग आणि सामाजिक स्थान यांतून घडतात. शेजारणीशी भरभरून बोलणारी बाई सरपंचांपुढे गप्प होते, तेव्हा तिचा स्वभाव बदललेला नसतो; प्रसंग बदललेला असतो.

काहीजण थेट बोलतात : ‘हे जमणार नाही.’ काहीजण तोच नकार आडवळणाने देतात : ‘बघू, जमलं तर.’ पहिला उर्मट वाटतो आणि दुसऱ्याचा नकार होकार समजला जातो. बचत गटाच्या सभेत कर्जवाटपाचा प्रस्ताव आला आणि एक सदस्या ‘बघू’ म्हणाली, तर इतिवृत्तात मात्र ‘सर्वानुमते मंजूर’ अशी नोंद होऊ शकते. हप्ते थकले की हीच सदस्या ‘मी तेव्हाच नको म्हटलं होतं’ असे म्हणते. येथे कोणी खोटे बोलत नाही. पण गटातील विश्वास मात्र तुटतो.

४.३ वर्धा शिक्षण परिषद : एक उदाहरण

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण द्यावे आणि मुलांच्या उत्पादनातून शिक्षकांचे वेतन निघावे, असा गांधीजींचा विचार होता. जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन यांनी परिषदेतच स्वावलंबनाच्या या भागाविषयी शंका मांडली. अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा यांनीही आक्षेप घेतले.

पुढे जे घडले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. अभ्यासक्रम तयार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद डॉ. हुसेन यांच्याकडेच आले आणि प्रा. शहा सदस्य झाले. विनोबा भावे, काका कालेलकर, जे. सी. कुमारप्पा, किशोरलाल मश्रूवाला, आर्यनायकम् व आशादेवी अशी भिन्न प्रकृतीची माणसे त्यांच्यासोबत होती. समितीने २ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत, अहवाल सादर केला. त्यात हस्तोद्योगाचे तत्त्व स्वीकारले गेले. मात्र आर्थिक बाजूवर भर देताना शैक्षणिक उद्दिष्टांचा बळी जाण्याचा धोका आहे, असा इशाराही नोंदवला गेला. सभेतील शंका अशा रीतीने सामूहिक दस्तऐवजाचा भाग झाली. १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने या शिक्षणपद्धतीस मान्यता दिली.

यावरून असे दिसते की, संघाला एकसारख्या स्वभावाची गरज नसते. वेगळे मत बोलले जाईल, ऐकले जाईल आणि लिहिले जाईल अशी जागा असावी लागते.

४.४ मौनाचा अर्थ

गांधीजी सोमवारी मौन पाळत आणि आवश्यक तेथे चिठ्ठीवर लिहून उत्तर देत. बोलणे थांबले तरी संवाद चालू राही, कारण दुसरे माध्यम उपलब्ध होते आणि भोवतालच्या सर्वांना ते माहीत होते. सभेत गप्प बसणाऱ्या सदस्यासाठी असे माध्यम आपण ठेवतो का? आळीपाळीने प्रत्येकाला बोलण्यास सांगणे, विषय आदल्या दिवशी कळवणे, मत लेखी घेणे हे साधे उपाय आहेत.

४.५ ‘आपण’ आणि ‘आम्ही’

मराठीत ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते. ‘आपण’ त्याला सामावून घेते. ‘आम्ही ठरवलं आहे’ हे वाक्य समोरच्याला संघाबाहेर उभे करते, तर ‘आपण ठरवू या’ हे आत बोलावते. मात्र ‘आपण सगळ्यांनी ठरवलंच आहे ना?’ या वाक्यातील ‘आपण’ विरोधी मत गिळून टाकते. म्हणून सर्वनामाबरोबरच त्यामागची कृतीही तपासावी.

४.६ सारांश

संघातील अनेक तंटे स्वभावाचे वाटतात, पण ते संवादशैलीतून उद्भवलेले असतात. शैली ओळखता येते आणि तिच्यासाठी सोय करता येते. मौन व आडवळणाचा नकार यांना संमती समजू नये. मतभेदाची नोंद करणे हा संघकार्याचाच भाग आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. स्वभाव व संवादशैली यांतील फरक स्वतःच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. वर्धा शिक्षण परिषदेत मतभेद कसे हाताळले गेले, ते सांगा.

क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील एखाद्या सभेला उपस्थित राहा. कोण किती वेळा बोलले, ‘आपण’ व ‘आम्ही’ कोणी कोठे वापरले आणि कोणाचे मत इतिवृत्तात आले नाही, याची नोंद करा. टिपणात व्यक्तींची नावे लिहू नका.