लेक नऊची, बाबा बेचाळीसचे

प्रश्न : मुलीला जिम्नॅस्टिक्स शिकायचंय. महागडी साधनं परवडत नाहीत. मलाही काही जमेल का?
– एक पालक, पाथरी

उत्तर : तिला दोरीचा मल्लखांब द्या. पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या नव्याने रुजवली. पुरलेला, टांगता आणि दोरीचा असे तिचे मुख्य प्रकार. लाकडी खांबाला एरंडेल चोळतात, दोरी मात्र कोरडीच. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांत दोरी पकडायची, हीच खरी मेख. पहिले काही दिवस तिथली कातडी सोलवटते; मूल रडलं तर जबरदस्ती नको. खाली जाड गादी हवीच.

आता तुमचं. ओक्साना चुसोवितिना 46व्या वर्षी टोकियो ऑलिंपिकला उतरली, पण ती लहानपणापासून जिम्नॅस्ट! तुम्ही आधी सूर्यनमस्कार, लोंबकळणं, कोलांटउडी एवढंच करा. उलटं होण्याआधी रक्तदाब तपासा. मान दुखत असेल, तर शीर्षासनाचा मोह सोडा.

आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून उडी शिकू नका, शिकवूही नका. जाणता वस्ताद मिळेपर्यंत दोरी टांगू नका.