पायांचे नेहमीचे विकार : निगा, उपचार व वर्गपाठ

धानाची रोवणी सुरू झाली की गोंदिया जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांचे दिवसामागून दिवस बांध्यांतील चिखलात जातात. गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यापासून दूरच्या अर्जुनी मोरगावपर्यंत हीच स्थिती असते. मोठ्यांबरोबर मुलेही बांधीत उतरतात, ओल्या पायांनी शाळेत येतात आणि वर्गाच्या दाराशी चपला काढून आत बसतात. या चालीमुळे शिक्षकास जी संधी मिळते, ती डॉक्टरांनाही मिळत नाही. रोगी दवाखान्यात येईल तेव्हाच डॉक्टर त्याचा पाय पाहू शकतात; शिक्षकासमोर मात्र साऱ्या वर्गाची उघडी पावले रोज असतात. त्या पावलांकडे जाणतेपणाने कसे पाहावे, कोणता विकार घरच्या निगेने बरा होतो व कोणत्या विकारासाठी मुलास तत्काळ आरोग्य केंद्रात पाठवावे, याचा विचार येथे केला आहे.

पायाची रचना

एका पावलात २६ हाडे असतात. दोन्ही पावलांची मिळून ५२ होतात. म्हणजे शरीरातील २०६ हाडांपैकी सुमारे एकचतुर्थांश हाडे केवळ पावलांत आहेत. तळव्याची कातडी जाड असते, परंतु तिच्यात तैलग्रंथी नसतात. म्हणूनच ती कोरडी पडून भेगाळते.

रक्तवाहिन्यांप्रमाणेच पायांत लसिकावाहिन्यांचेही जाळे असते. पेशींभोवतालचे जास्तीचे पाणी त्या वर वाहून नेतात व वाटेत जांघेतील गाठी त्यातील जंतू अडवितात. अंगठ्याला ठेच लागून जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, हे खेड्यातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाण्यास शिक्षकाला याहून चांगला आरंभ मिळणार नाही. पावलावरील लहानशी फट आणि वरचे मोठे दुखणे यांचा संबंध या एका उदाहरणाने स्पष्ट होतो.

घरच्या निगेने बरे होणारे विकार

१. चिखल्या : पाय दीर्घकाळ ओले राहिल्याने बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी पडते, सुटते व चिरते, तेथे बुरशी वाढून खाज व आग होते. सायंकाळी पाय साबणाने धुवावेत आणि प्रत्येक बेचके कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. धुण्यापेक्षा कोरडे करण्याकडे अधिक दुर्लक्ष होते. आरोग्य केंद्रातून बुरशीनाशक मलम आणून लावावे व खाज थांबल्यावरही ते एक-दोन आठवडे चालू ठेवावे. रॉकेल, चुना, तंबाखू यांसारखे पदार्थ लावू नयेत. त्यांनी कातडी अधिकच भाजते.

२. भेगा : पाय पंधरा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून हलक्या हाताने घासावेत, पुसावेत व लगेच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावे. भेगांच्या कडा पात्याने कापू नयेत.

३. कुरूप : एकाच जागी सतत दाब पडल्याने कातडी घट्ट होऊन कुरूप होते. तोकडी चपल किंवा वर आलेला खिळा हे त्याचे नेहमीचे कारण असते. कारण दूर केले तरच कुरूप जाते. नुसते कापल्याने ते पुन्हा येते आणि जखम मात्र होते.

४. काटा व ठेच : साबणाने धुऊन, उकळलेल्या पाण्यात निर्जंतुक केलेल्या सुईने काटा काढावा. खोल रुतलेला काटा उकरीत बसू नये. जखमेवर शेण, माती अथवा राख कदापि लावू नये. त्यातून धनुर्वाताचे जंतू शरीरात जातात. दहाव्या व सोळाव्या वर्षी देण्यात येणारी धनुर्वात व घटसर्प यांवरील लस सर्व मुलांनी घेतली आहे की नाही, हे शिक्षकांनी पाहावे.

५. मुरगळ : पाय उंच ठेवून विश्रांती द्यावी, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात व सैलसर पट्टा बांधावा. पहिल्या दोन दिवसांत चोळू किंवा ओढू नये. मुलाला चार पावलेही टाकता येत नसतील, तर हाड मोडल्याचा संशय धरून त्यास रुग्णालयात न्यावे.

काही मुलांच्या पोटऱ्या रात्री दुखतात व सकाळी ती खेळू लागतात. दुखणे दोन्ही पायांत असेल, सूज व ताप नसेल, तर त्यात भीतीचे कारण नाही. एकाच पायात दुखत असेल, सांधा सुजला असेल किंवा मूल सकाळीही लंगडत असेल, तर मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

हत्तीरोग

पूर्व विदर्भातील गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर व नागपूर या जिल्ह्यांत हत्तीरोग दीर्घकाळ ठाण मांडून राहिला आहे. हा रोग शाप अथवा पूर्वकर्माचे फळ नव्हे. गटारे व डबकी यांतील घाण पाण्यावर वाढणारा क्युलेक्स डास त्याचे सूक्ष्म जंत एका माणसातून दुसऱ्यात नेतो. डास हे जंत रक्तासोबत शोषून घेतो, हे पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ साली दाखवून दिले. जंतांची पिले रक्तात रात्री वावरतात, म्हणून तपासणीसाठी रक्ताचा नमुना रात्री घेतात.

शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की, या रोगाचा शिरकाव पुष्कळदा बालपणीच होतो. सूज मात्र अनेक वर्षांनी दिसते. आज वर्गात धावणाऱ्या निरोगी मुलासाठीच वर्षातून एकदा सामुदायिक औषधोपचाराच्या गोळ्या असतात. दोन वर्षांखालील बालके, गर्भवती स्त्रिया व गंभीर आजारी माणसे यांखेरीज सर्वांनी त्या जेवणानंतर आरोग्य सेवकासमोर गिळाव्यात. एखाद्यास नंतर किंचित ताप किंवा मळमळ होते. ते बहुधा जंत मरत असल्याचे लक्षण असून लवकरच थांबते. हे आधी समजावून सांगितल्यास गोळ्या लपवून फेकून देण्याचा प्रकार टळेल. देशातून हा रोग २०२७ पर्यंत हटविण्याचे शासनाचे उद्दिष्ट आहे.

ज्यांच्या पायांवर जुनी सूज आहे, त्यांचा पाय गोळ्यांनी पूर्ववत होत नाही. तथापि तो आणखी बिघडू न देणे सर्वस्वी शक्य आहे. थंडी वाजून ताप येणे, पाय लाल होऊन ठणकणे असे जे झटके येतात, ते बहुतांशी कातडीच्या फटींतून शिरलेल्या जंतूंमुळे येतात. आणि ती फट पुष्कळदा चिखल्यांचीच असते. प्रत्येक झटक्यानंतर सूज वाढते. म्हणून पाय रोज साबण व स्वच्छ पाण्याने धुऊन प्रत्येक घडी व बेचके कोरडे करावे. बसताना पाय उंच ठेवावा. झोपताना खाटेच्या पायथ्याकडील खुरांखाली विटा ठेवाव्यात. टाच वर-खाली करण्याचा व्यायाम करावा. झटका आला असता शेकणे, चोळणे व व्यायाम वर्ज्य करून गार पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात व आरोग्य केंद्र गाठावे.

सवयीने रोग हटतो, याचे उत्तम उदाहरण नारूचे आहे. पायातून लांब जंत बाहेर पडण्याचा हा रोग कोणत्याही औषधाने वा लसीने गेला नाही. पाणी फडक्याने गाळणे व पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, एवढ्या साध्या उपायांनी तो नाहीसा झाला आणि २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला.

न दुखणारी जखम

लंगडत येणाऱ्या मुलाकडे सर्वांचेच लक्ष जाते. तळव्याला जखम असूनही न लंगडता चालणारे मूल अधिक काळजीचे होय. चालताना पायातील चपल निसटली तरी न कळणे, निखारा किंवा खडा टोचल्याची जाणीव नसणे, अंगावर फिकट अथवा लालसर व बधिर चट्टा असणे, ही कुष्ठरोगाची लक्षणे असू शकतात. या रोगात बोटे आपोआप झडत नाहीत. वेदना कळत नसल्यामुळे झालेल्या दुर्लक्षित जखमांनी पायाची हानी होते. सरकारी आरोग्य केंद्रात सहा अथवा बारा महिन्यांचा बहुविध औषधोपचार विनामूल्य मिळतो. तो सुरू झाला की रोगाचा प्रसार लवकरच थांबतो. मुलास शाळेतून काढण्याचे काहीही कारण राहत नाही. उशीर झाल्यास मात्र गेलेली संवेदना परत येणे कठीण असते. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ साली व वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमटे यांनी १९४९ साली या रोग्यांच्या सेवेचे कार्य आरंभिले. ज्या विदर्भात हे कार्य झाले, तेथील शाळेत या रोगामुळे एकही मूल वेगळे बसविले जाऊ नये.

जुन्या मधुमेहातही तळवे बधिर होतात. म्हणून घरातील वृद्धांचे तळवे रोज सायंकाळी पाहण्याचे काम मुलांकडे सोपवावे.

वर्गपाठ

इयत्ता : पाचवी ते सातवी. साहित्य : बादली, मग, साबण, प्रत्येकाचा स्वतःचा कोरडा फडका.

प्रथम अवधाणाच्या अनुभवावरून प्रश्न विचारावेत. नंतर शिक्षकांनी स्वतःचा एक पाय धुऊन बेचके कोरडे करून दाखवावे व मुलांकडून तसे करून घ्यावे. शेवटी शाळेच्या आवारातील साचलेले पाणी मुलांनी शोधावे व ते वाहते करावे. दर शनिवारी पावलांची पाहणी करावी. परंतु ती स्वच्छतेची पाहणी असावी, रोगाचा शोध नव्हे. संशयास्पद पाय आढळल्यास वर्गासमोर त्याचा उच्चार न करता पालकांना एकांतात सांगावे आणि आरोग्य केंद्रात जाण्यास सुचवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा अशा मुलास त्या दिवशी हजर ठेवावे. रोगाचे नाव ठरविणे हे डॉक्टरांचे काम आहे. पाय वेळेवर त्यांच्यापर्यंत पोहोचविणे हे शिक्षकाचे.

स्वाध्याय

१. अवधाण का येते?
२. चिखल्या झालेल्या मुलाने सायंकाळी घरी काय करावे?
३. हत्तीरोगाच्या गोळ्या निरोगी माणसानेही का घ्याव्यात?
४. न दुखणारी जखम अधिक धोक्याची का?
५. घरातील वडील माणसांचे पाय पाहून कोणती निगा हवी ते पालकांशी बोलून ठरवा.