एलीचा तर्क व हन्नाचे उत्तर
(वाचावयाचा भाग : १ शमुवेल १:९–१८)

हन्ना शिलो येथे परमेश्वरापुढे रडून प्रार्थना करीत होती. तिचे ओठ हालत होते, पण शब्द ऐकू येत नव्हता. दाराशी आसनावर बसलेल्या एली याजकाने एवढेच पाहिले व ही बाई प्यालेली आहे असे ठरवून तिला दोष दिला. एली दुष्ट नव्हता. तो वयाने व अधिकाराने मोठा होता, आणि अशांचाच शब्द गावात खरा मानला जातो, हे उपदेशक बंधूंनी विशेष ध्यानात घ्यावे.

आपल्या बार्शीच्या बाजारात पोते उघडून मूठभर ज्वारी हातावर घेतल्यावाचून कोणी भाव सांगत नाही. माणसाच्या मनाविषयी मात्र पारावर बसल्या बसल्या निर्णय होतो. पूर्वी "वेड लागले", "बाहेरची बाधा झाली" असे म्हणत. आता मोबाइलवर काही पाहून "हिला डिप्रेशन आहे" असे म्हणतात. शब्द नवा, तर्क एलीचाच.

एकच लक्षण अनेक कारणांनी दिसते. थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावले किंवा अंगात रक्त कमी झाले, तरी मनुष्य सुस्त व उदास होतो. मधुमेह्याची साखर एकाएकी उतरली म्हणजे तो बरळतो, प्यालेल्यासारखा डोलतो. वृद्धास साध्या लघवीच्या विकारानेही भ्रम होतो. डॉक्टरसुद्धा विचारपूस करून, रक्त तपासून मगच बोलतो.

शिवाय एकदा पडलेले नाव निघत नाही. सून मारहाणीची तक्रार करिते, विधवा शेतातला हिस्सा मागते, आणि "वेडीचे काय ऐकता?" एवढ्यावर प्रकरण मिटते. म्हणूनच २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ३ प्रमाणे, समाजाच्या वा धर्माच्या रीतीप्रमाणे कोणी वागत नाही एवढ्यावरून त्यास मनोरुग्ण ठरविता येत नाही. पूर्वी उपचार झाले होते एवढेही कारण पुरत नाही. फेस्ताने पौलास वेडा म्हटले (प्रेषितांची कृत्ये २६:२४), आणि प्रभूच्या आप्तांनाही त्याचे भान सुटले असे वाटले (मार्क ३:२१). बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्या कित्येक वडिलांनी हेच ऐकिले असेल.

मग गप्प बसावे काय? मुळीच नाही, हन्नाचे दुःख खरे होते. एखादी भगिनी जेवत नाही, झोपत नाही, मरणाच्या गोष्टी बोलते, तर तिला एकटी सोडू नये. घरच्यांसह डॉक्टरकडे न्यावे, आणि काय पाहिले व किती दिवस पाहिले तेवढे सांगावे. रोगाचे नाव त्याने ठेवावे. भगताच्या हाती देऊ नये. भूत उतरविण्याच्या नावाने मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही सरकारी सेवा आहे. तेथे मराठीतही, रात्रंदिवस व विनामूल्य बोलता येते. प्रार्थनाही चालू ठेवावी. तिची औषधाशी स्पर्धा नाही.

आता एलीकडे पुन्हा पाहा. आपण प्यालेली नसून मनाने दुःखित आहो असे हन्नाने सांगताच त्याने आपला आरोप धरून ठेविला नाही. तिला शांतीने जा म्हणून आशीर्वाद दिला. ती गेली, जेवली, आणि तिचे मुख मग उदास राहिले नाही. तिने देवाजवळ काय मागितले, हे एलीने विचारल्याचे शास्त्रात कोठे दिसत नाही.