अंगाला मानवणारे हवामान आणि पर्यटनाचे नियोजन

मे महिन्यात नागपूरचा पारा दुपारी ४३ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, तर रत्नागिरीचा ३३ अंशांच्या घरात. आकडेच पाहावयाचे तर रत्नागिरी अधिक सुखाची ठरावी. प्रत्यक्षात कोकणातील हवेत बाष्प इतके असते की अंगावरचा घाम वाळत नाही. घाम वाळताना शरीरातील उष्णता बरोबर नेतो. तो वाळला नाही तर जीव कासावीस होतो. विदर्भातील कोरड्या हवेत वाळ्याचे पडदे व कूलर गारवा देतात, तेच किनाऱ्यावर निरुपयोगी ठरतात. अर्थात यामुळे नागपूरचा उन्हाळा सुसह्य ठरत नाही. तेथे उष्माघाताचा धोका असतोच. तात्पर्य, हवामान मानवते की नाही, हे केवळ तापमानावरून ठरविता येत नाही.

कॅनडातील भूगोलतज्ज्ञ मियेच्कोव्स्की यांनी १९८५ मध्ये पर्यटनासाठी हवामानाचा एक निर्देशांक मांडला. त्यात १०० पैकी ४० गुण दिवसाच्या व १० गुण संपूर्ण अहोरात्रीच्या सुखावहतेला, प्रत्येकी २० पाऊस व सूर्यप्रकाशाला आणि १० वाऱ्याला आहेत. दिवसाची सुखावहता कमाल तापमान आणि किमान आर्द्रता यांच्या मेळातून काढली जाते. ही पद्धत उपयुक्त असली तरी जशीच्या तशी येथे लावणे योग्य नव्हे. तिच्या लेखी पाऊस म्हणजे वजाबाकी. महाराष्ट्रात मात्र लोणावळा आणि आंबोली येथे लोक मुद्दाम पावसातच जातात.

महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते, हे त्याच्या गारव्याचे सरळ गणित. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८ च्या सुमारास, उन्हाळ्यापासून सुटका म्हणून हे ठिकाण वसविले गेले. पुढे शाळांची सुटीही मे महिन्यातच आल्याने साऱ्या राज्याची गर्दी तेथे एकाच वेळी लोटू लागली. येथेच खरी अडचण आहे. वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही उतारावरून तो वाहून जातो आणि घाटमाथ्यावरील गावांच्या विहिरी व झरे आटतात नेमके मे महिन्यात. पाहुण्याची अंघोळ आणि गावकऱ्याची घागर यांचा झरा एकच असतो. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तेव्हा इमारती वाढवीत राहणे हा मार्ग नव्हे. हंगामच विभागला पाहिजे.

त्याला वाव पुष्कळ आहे. अजिंठा-वेरूळ पाहण्यास पावसाळ्यानंतरचे व हिवाळ्याचे महिने उत्तम. उन्हाळ्यात वाघोरा नदीकाठचा कडा तापतो. भंडारदरा परिसरात मृगाच्या आगेमागे काजवे चमकतात. कास पठारावर ऑगस्टअखेरीपासून फुले येतात. तेथे दररोजच्या पर्यटकांची संख्या मर्यादित केली असून व्यवस्थेत लगतच्या गावांच्या समित्यांचा वाटा आहे. ताडोबाचा प्रकार उलटा आहे. पाणवठे आटल्यामुळे वन्यप्राणी ऐन उन्हाळ्यात, म्हणजे माणसाला सर्वांत त्रासदायक काळात, सहज दिसतात. म्हणून तेथील फेऱ्या पहाटे आणि दुपार कलल्यावर असतात. हेच वेळापत्रक उघड्यावरील किल्ले व लेण्यांनाही लावता येईल. प्रवेशद्वार सकाळी लवकर उघडणे, वाटेवर झाडांची सावली राखणे आणि पिण्याचे पाणी ठेवणे, ही कामे उपाहारगृह बांधण्याइतकी खर्चिक नाहीत.

ग्रामपंचायतीला आपल्या गावाचा अनुकूल काळ ठरवावयाचा असेल तर शाळेची मदत घेता येईल. सावलीत दोन तापमापक टांगावेत, त्यांपैकी एकाचा फुगा ओल्या कापडात ठेवावा. दोहोंतील अंतर जितके कमी, तितकी हवा दमट. हवामान खात्याच्या प्रमुख नोंदी सकाळी ८.३० व सायंकाळी ५.३० वाजता होतात. पर्यटक मात्र भर दुपारीही फिरत असतो, म्हणून गावाने दुपारी २ वाजताची तिसरी नोंद अवश्य ठेवावी.