मुंग्यांच्या घरांतील कामाची वांटणी

ज्वारीचीं खळीं उरकल्यावर कळंब तालुक्यांतील एखाद्या शेताच्या बांधावर क्षणभर बसावें. लहानशा भोंकाभोंवतीं कोंड्याचें कडें पडलेलें दिसतें, आणि दाणे वाहणाऱ्या मुंग्यांची रांग आंत जात असते. शलमोनानें आळशाला जिच्याकडे पाठविलें ती अशीच, धान्य सांठविणारी. पुण्याजवळ अशा मुंग्या पावसानें भिजलेलें गवताचें बीं ऊन पडतांच बाहेर आणून वाळवितात, असें कर्नल साइक्स ह्या इंग्रज अधिकाऱ्यानें पाहिलें. त्याचें वर्णन 1835 सालीं प्रसिद्ध झालें.

ह्या रांगेंत दिसणाऱ्या सर्व मुंग्या माद्याच. पण घरांतील पुष्कळ कामकरी बाहेर येतच नाहींत. कोण काय करते? स्वित्झर्लंडमधील लोझान येथील शोधकांनीं आपल्या काळ्या मुंगळ्याच्या गोतांतील मुंग्यांच्या 6 वसाहती घेतल्या, प्रत्येक कामकरणीच्या पाठीवर खुणेची चिमुकली चिठ्ठी चिकटविली, आणि 41 दिवस यंत्राकडून त्यांची हालचाल टिपून घेतली. हें काम 2013 सालीं छापलें गेलें. कांहीं मुंग्या राणीपाशीं राहून अंडीं व अळ्या सांभाळीत, कांहीं झाडलोट करीत, कांहीं बाहेरून अन्न आणीत. परंतु वय वाढे तसतशी दाई झाडलोटीकडे वळे, आणि शेवटीं बाहेर पडे. सरड्याच्या व कोंबडीच्या तोंडीं जाण्याचें काम म्हणजे म्हाताऱ्यांचें! (आम्हां वडीलधाऱ्यांस हें थोडें अवघडच वाटेल.) आणि हें सर्व मुकादमावांचून चालतें. अमेरिकेंतील धान्य वेंचणाऱ्या मुंग्यांत, दाणे घेऊन परतणाऱ्या जितक्या भराभर भेटतात, तितक्या भराभर नव्या बाहेर निघतात.

ह्या विषयावरील पुस्तकांत कामकऱ्यांच्या प्रकारांस ‘जाती’ म्हणण्याची वहिवाट आहे, आणि त्या एका शब्दावर भार टाकून, “बघा, मुंग्यांतहि जातिभेद आहे,” असें सांगणारे गृहस्थ मला भेटले आहेत. गांवगाड्यांत बापाचें बलुतें मुलाकडे जात असे. मुंग्यांचें तसें आहे काय? साइक्सनें पाहिलेल्या मुंगीच्या वंशांत कांहीं कामकरणींचें डोकें मोठें असतें. दाणे खाणाऱ्या मुंग्यांत कठीण दाणे फोडण्याचें काम त्यांचें. डोकें मोठें होणें हें बव्हंशीं अळी असतांना मिळालेल्या अन्नावर ठरतें. लहान डोक्याची तिची बहीण त्याच राणीच्या पोटची. आणि मोठ्या डोक्याचीस लेकरेंच होत नाहींत. मग ती आपलें काम कोणाच्या माथीं मारणार?

अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन ह्यांनीं ह्याच वंशाच्या वसाहतींतून लहान कामकरणी मुद्दाम कमी केल्या. त्यांचा लेख 1984 सालचा आहे. एरवीं अळ्यांकडे न पाहणाऱ्या मोठ्या डोक्याच्या मुंग्या तेव्हां थोड्याच वेळांत अळ्या उचलून साफ करूं लागल्या. शाळेच्या शिक्षकांनीं मुलांना बांधावर न्यावें, आणि रांगेंत अशी मोठ्या डोक्याची एखादी सांपडते कीं काय, हें शोधावयास सांगावें.